तीव्र हृदयविफलतेतील श्वसनविषाणूंचा संसर्ग

तीव्र हृदयविफलतेतील श्वसनविषाणूंचा संसर्ग हा हृदयरोगशास्त्र आणि संसर्गशास्त्र यांच्या सीमेवरचा विषय आहे. हृदयविफलता, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातले 'हार्ट फेल्युअर', अचानक उद्भवते किंवा एकाएकी बळावते, तेव्हा तिला तीव्र हृदयविफलता म्हणतात. अशा रुग्णांपैकी अनेकांच्या श्वसनमार्गात त्याच सुमारास इन्फ्लुएन्झा, रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही), ऱ्हायनोविषाणू किंवा कोरोनाविषाणू आढळतो. बहुधा संसर्ग आधी होतो आणि त्यानंतर काही दिवसांनी हृदयाची क्षमता ढासळते. मात्र रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत दोन्ही आजारांची लक्षणे एकमेकांत मिसळून गेलेली असतात. त्यामुळे निदानाच्या कागदावर पुष्कळदा 'हृदयविफलता' एवढेच लिहिले जाते आणि तिला निमित्त ठरलेला विषाणू नोंदीबाहेर राहतो.

ही केवळ नोंदीतील त्रुटी नसते. विषाणू ओळखला गेला तर विषाणुरोधी औषध वेळेत सुरू करता येते, अनावश्यक प्रतिजैविके टाळता येतात, वॉर्डातील इतर रुग्णांना होणारी लागण रोखता येते आणि पुढच्या वर्षीच्या लसीची आठवण ठेवता येते. तो ओळखला न गेल्यास या चारही संधी हातच्या जातात.

पार्श्वभूमी

हृदयविफलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमत नाही, किंवा ते जमवण्यासाठी त्याला आतला दाब बराच वाढवावा लागतो, अशी ही अवस्था असते. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायू मृत झाल्यास, दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने तो जाड व ताठर झाल्यास, किंवा संधिवाताच्या तापाने झडपा निकामी झाल्यास ही वेळ येते. डाव्या जवनिकेतील वाढलेला दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि केशवाहिन्यांतील पाणी वायुकोशांत झिरपू लागते. रुग्णाला उताणे झोपता येत नाही, उशाखालच्या उशा वाढत जातात, मध्यरात्री धाप लागून उठून बसावे लागते. उजव्या बाजूचा दाब वाढला की पायांवर सूज येते आणि पोट जड होते.

औषधांच्या आधाराने असे हृदय महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तोल सांभाळून राहते. हा तोल बिघडवणाऱ्या घटकांना प्रेरक कारणे म्हणतात. औषधे बंद करणे, आहारात मीठ वाढणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, नवा झटका येणे आणि संसर्ग होणे ही त्यांतील नेहमीची कारणे होत. युरोपियन हृदयरोग संघटनेने २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत तातडीने शोधावयाच्या कारणांच्या यादीत संसर्गाची भर घातली. २०१६च्या यादीत तो नव्हता.

इतिहास

इन्फ्लुएन्झाच्या साथीत जितके लोक फ्लूने दगावल्याचे नोंदले जाते, त्याहून पुष्कळ अधिक लोक प्रत्यक्षात मरतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात लक्षात आली. लंडनमधील १८४७च्या साथीत विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ साली या मृत्यूंची कारणवार विभागणी केली, तेव्हा फ्लू व न्यूमोनिया वगळता उरलेल्या अधिकच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा ठळकपणे दिसला. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढण्यात यश आले ते त्यानंतर एका वर्षाने, १९३३ साली. म्हणजे आरोपी हाती लागण्यापूर्वीच त्याच्या हृदयावरील परिणामाची आकडेवारी तयार होती. तरीही पुढची कित्येक दशके हा संबंध मृत्यूच्या तक्त्यांपुरताच राहिला. खाटेवरच्या एकेका रुग्णात विषाणू शोधणे शक्य झाले ते विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा माग काढणारी पीसीआर चाचणी रुळल्यावर.

व्याप्ती

अमेरिकेतील ऑप्टिमाइझ-एचएफ या नोंदणी प्रकल्पात २५९ रुग्णालयांतील ४८,६१२ रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांपैकी ६१.३ टक्के रुग्णांत एक किंवा अधिक प्रेरक कारणे सापडली. त्यांत पहिला क्रमांक न्यूमोनिया व तत्सम श्वसनविकारांचा होता (१५.३ टक्के); हृदयस्नायूला रक्त कमी पडणे (१४.७ टक्के) आणि ठोक्यांची अनियमितता (१३.५ टक्के) ही कारणे त्याच्या मागे होती. न्यूमोनियाचे निमित्त असलेल्या रुग्णांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. हा आकडा वाचताना एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते: या प्रकल्पात प्रत्येक रुग्णाची विषाणूसाठी तपासणी झालेली नव्हती. विषाणूंचा खरा वाटा किती, याचे उत्तर तपासणी कोणाची, कोणत्या ऋतूत आणि किती विषाणूंसाठी केली यावर अवलंबून असते. म्हणूनच निरनिराळ्या अभ्यासांतील टक्केवारीत मोठी तफावत दिसते.

दुसरा मार्ग साथीच्या चढउताराशी रुग्णालयातील भरतीची तुलना करण्याचा. अमेरिकेतील चार वस्त्यांच्या २०१० ते २०१४ या काळातील माहितीवर आधारलेला असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. फ्लूसदृश आजाराचे मासिक प्रमाण ५ टक्क्यांनी वाढले की हृदयविफलतेमुळे होणारी भरती २४ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. साथीच्या ऐन भरातील महिन्यात हृदयविफलतेच्या सुमारे १९ टक्के भरतीमागे इन्फ्लुएन्झा असावा, असा अंदाज त्यावरून मांडला गेला.

हृदयविफलता आणि इन्फ्लुएन्झा एकत्र आल्यास काय होते, हे अमेरिकेच्या २०१३-१४च्या राष्ट्रीय आंतररुग्ण नोंदींवरून तपासले गेले आहे. इन्फ्लुएन्झा असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ६.२ टक्के, तर नसलेल्यांत ५.४ टक्के होते. मृत्यूतील हा फरक फार मोठा नाही. श्वसनक्रिया निकामी होण्याचे प्रमाण मात्र पहिल्या गटात ३६.९ टक्के आणि दुसऱ्यात २३.१ टक्के होते.

कारणीभूत विषाणू

इन्फ्लुएन्झा अ आणि ब यांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे, कारण त्यांच्यासाठी चाचणी, औषध व लस ही तिन्ही साधने उपलब्ध आहेत. आरएसव्ही हा दीर्घकाळ तान्ह्या मुलांचा आजार मानला जात होता. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे सलग चार हिवाळ्यांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा समज मोडला. वृद्धांच्या हृदयविफलतेमुळे होणाऱ्या भरतीपैकी ५.४ टक्के प्रकरणांत आरएसव्ही सापडला. मोठ्या माणसांत या विषाणूची संख्या नाकातील स्रावात कमी असते, त्यामुळे लहान मुलांसाठी पुरेशी असणारी झटपट चाचणी त्यांच्यात सहज चुकते.

ऱ्हायनोविषाणू साध्या सर्दीचा असला तरी वर्षभर फिरत असल्याने हृदयरुग्णांत वारंवार सापडतो. तो केवळ नाकात उपस्थित आहे की आजाराला जबाबदार आहे, हे ठरवणे कठीण जाते. २००१ साली नेदरलँड्समध्ये प्रथम ओळखला गेलेला मानवी मेटान्यूमोविषाणू, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोविषाणू आणि सर्दीचे जुने कोरोनाविषाणू हे या यादीतील उरलेले सदस्य होत.

विकृतिक्रिया

विषाणू हृदयाला प्रत्यक्ष हात न लावताही त्याला संकटात टाकू शकतो, हे या विषयातील मध्यवर्ती तथ्य आहे. हृदयस्नायूदाह, म्हणजे विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच होणारा दाह, ही तुलनेने विरळ घटना आहे. बहुसंख्य रुग्णांत घडते ते अप्रत्यक्षपणे, एकाच वेळी अनेक बाजूंनी.

तापाच्या प्रत्येक अंश सेल्सिअसमागे नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ८ ते १० ने वाढतात. ठोके वाढले की दोन आकुंचनांमधला विसाव्याचा काळ आखडतो. जवनिका याच काळात भरते आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही मुख्यतः याच काळात रक्त मिळते. निरोगी हृदय हे सहन करते. ताठर जवनिकेला भरण्यासाठी मुळातच जास्त वेळ लागतो. तो वेळ हिरावला गेला की आतला दाब चढतो आणि पाणी फुप्फुसांकडे उलटते. झडप अरुंद झालेल्या रुग्णांत, विशेषतः संधिवाताच्या तापानंतरच्या मायट्रल झडपेच्या विकारात, केवळ तीव्र ताप व जलद नाडी एवढ्यानेही फुप्फुसांत पाणी भरू शकते.

दुसरी बाजू फुप्फुसांची. सुजलेल्या श्वासनलिका आणि स्रावाने भरलेले वायुकोश यांमुळे रक्तातील ऑक्सिजन घटतो. ऑक्सिजन कमी असलेल्या भागातील फुप्फुसवाहिन्या आकुंचन पावतात आणि उजव्या जवनिकेला वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. श्वास घेण्यासाठी छातीचे स्नायू जास्त राबतात. त्यांना लागणारे रक्त पुरवण्याचा बोजाही त्याच थकलेल्या हृदयावर पडतो. ज्या वायुकोशांत आधीच हृदयामुळे पाणी झिरपत आहे, तेथे विषाणूमुळे केशवाहिन्यांची भिंतही गळकी होते. तेव्हा कमी दाबातही पाणी साचते.

तिसरी बाजू रोगप्रतिकाराची. संसर्गाशी लढताना पेशी इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी सायटोकाइन द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये हृदयस्नायूचे आकुंचन मंदावतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे काम बिघडवतात आणि रक्त गोठण्याकडे झुकवतात. रोहिणीतील मेदाचा थर अशा वेळी फुटण्याचा धोका वाढतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच रुग्णांच्या इतर काळाच्या तुलनेत सुमारे सहा पट आढळले. असा झटका आधीच दुबळ्या हृदयाला आला तर हृदयविफलता उफाळणे ओघानेच येते.

याशिवाय ताणामुळे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. विषाणूने सोललेल्या श्वसनमार्गाच्या अस्तरावर न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू स्वार झाले तर जिवाणुजन्य न्यूमोनियाची भर पडते. या सगळ्या घडामोडींना वेळ लागतो. त्यामुळे सर्दी-ताप ओसरत असताना, कधी ओसरल्यानंतर, धाप सुरू होते. रुग्णाला व घरच्यांना या दोन गोष्टींचा संबंध चटकन जाणवत नाही.

निदानातील अडचण

धाप, खोकला, थकवा आणि छातीतली घुरघुर ही लक्षणे दोन्हीकडे समान आहेत. हृदयविफलतेत श्वासनलिका सुजून दम्यासारखी शीळ ऐकू येऊ शकते, आणि विषाणूमुळेही तीच शीळ येते. ताप हा भेद करणारा खात्रीचा पुरावा मानावा, तर वृद्ध रुग्णांत तो पुष्कळदा येतच नाही. घसा दुखणे, नाक वाहणे, अंग मोडून येणे, घरात आणखी कोणी आजारी असणे हे धागे रुग्णाच्या हकिगतीतून सापडतात, आणि तातडीच्या विभागातील घाईत नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. उलट बाजूने, उशा वाढवाव्या लागणे, पायांवरची सूज, मानेतील फुगलेल्या शिरा आणि तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढलेले वजन या गोष्टी हृदयाकडे बोट दाखवतात.

रक्तातील एनटी-प्रोबीएनपी हे हृदयावरील ताणाचे द्योतक असते. ते अगदी कमी असेल तर हृदयविफलता जवळपास नाकारता येते. परंतु वाढलेले असेल तर संसर्ग नाही असे सिद्ध होत नाही, कारण न्यूमोनियात व मूत्रपिंडाच्या विकारातही ते वाढते. ट्रोपोनिनचेही तसेच. क्ष-किरण चित्रातील पांढुरके पट्टे पाण्याचे की दाहाचे, यावर अनुभवी डॉक्टरांतही मतभेद होतात. फुप्फुसांच्या सोनोग्राफीने काही मदत होते: हृदयामुळे साचलेल्या पाण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या व फुप्फुसावरणाची रेषा गुळगुळीत असते, तर विषाणुजन्य न्यूमोनियात त्या तुटक असतात आणि रेषा खडबडीत दिसते.

जिवाणुसंसर्ग ओळखण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिन या घटकाकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. तीव्र हृदयविफलतेच्या रुग्णांत या चाचणीच्या आधारे प्रतिजैविके द्यावीत का, हे पाहणारी युरोपातील इम्पॅक्ट-ईयू चाचणी फायदा दिसण्याची शक्यता न उरल्याने मुदतीआधीच थांबवण्यात आली.

निर्णायक ठरते ती नाक व घशातील स्रावाची आरटी-पीसीआर तपासणी. एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारे संच उपलब्ध आहेत. तपासणी होकारार्थी आली म्हणजे हृदयाची चिंता संपली असे मात्र होत नाही. एका निदानाने दुसरे निदान रद्द होत नाही, दोन्हींवर एकत्र उपचार करावे लागतात.

उपचार

उपचाराचा पाया तीव्र हृदयविफलतेचाच राहतो. शिरेतून फ्युरोसेमाइडसारखे मूत्रल औषध देऊन साचलेले पाणी काढले जाते, रक्तदाब जास्त असल्यास रक्तवाहिन्या सैल करणारी नायट्रेट औषधे दिली जातात. रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांखाली असल्यास ऑक्सिजन देतात. त्याहून अधिक असताना तो सरसकट लावल्याने लाभ होत नाही. धाप न आवरल्यास घट्ट मुखवट्यातून दाबाने हवा दिली जाते, ज्यामुळे अनेकदा श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ टळते.

संसर्गाच्या उपचारात आणि हृदयाच्या उपचारात काही ठिकाणी सरळ विरोध येतो. ताप असलेल्याने भरपूर पाणी प्यावे हा सर्वसाधारण सल्ला, पाणी मोजून पिणाऱ्या हृदयरुग्णाला धोक्याचा ठरतो. याउलट उलट्या-जुलाब होत असताना किंवा अन्नच जात नसताना मूत्रल औषधाची नेहमीची मात्रा चालू ठेवल्यास शरीर कोरडे पडते व मूत्रपिंडे दुखावतात. मधुमेहासाठी निघालेली आणि आता हृदयविफलतेतही दिली जाणारी एसजीएलटी-२ रोधक औषधे उपास घडत असताना तात्पुरती थांबवावी लागतात. प्रतिजैविके सलाइनमधून दिली की त्यासोबत मीठही शरीरात जाते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक डिगॉक्सिनची रक्तातील पातळी वाढवते व ठोक्यांची लयही बिघडवू शकते.

औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या हा वेगळा प्रश्न आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मीठ व पाणी धरून ठेवतात आणि मूत्रलांचा परिणाम कमी करतात. नाक मोकळे करणाऱ्या मिश्रणांतील स्यूडोएफेड्रिन व फेनिलएफ्रिन रक्तदाब वाढवतात. तापासाठी साधी पॅरासिटामॉल सुरक्षित मानली जाते, पण पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या तिच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असते. घरगुती काढ्यातील ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व रोज घेतल्यास शरीरात पाणी साचते आणि पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे विशेष घातक. तोंडाला चव नाही म्हणून पेजेबरोबर दिलेले लोणचे-पापडही याच यादीत मोडतात, आणि ते औषध नसल्यामुळे डॉक्टरांना कोणी सांगत नाही.

इन्फ्लुएन्झावर ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सर्वाधिक उपयोगी पडते. प्रौढांसाठी ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस अशी नेहमीची मात्रा असते. मूत्रपिंडे मंदावली असल्यास ती घटवावी लागते, आणि हृदयविफलतेत मूत्रपिंडे बहुधा मंदावलेलीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत गंभीर इन्फ्लुएन्झासाठी ओसेल्टामिविरची सशर्त शिफारस असून स्टेरॉइड देऊ नयेत असे सुचवले आहे. आरएसव्ही व ऱ्हायनोविषाणूंसाठी प्रौढांत नेहमीच्या वापरात असलेले खास औषध नाही.

कोविड-१९

सार्स-कोव्ही-२ हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या ग्राहीचा आधार घेतो, हे कळताच २०२० साली एक भीती पसरली. हृदयविफलतेत दिली जाणारी एसीई रोधक व तत्सम औषधे या ग्राहीची संख्या वाढवून संसर्ग बळावतील, असा तर्क होता. हृदयरोग संघटनांनी औषधे बंद न करण्याचे आवाहन केले. ब्राझीलमधील ६५९ रुग्णांच्या ब्रेस-कोरोना चाचणीने पुढे दाखवले की ही औषधे ३० दिवस थांबवल्याने कोणताही लाभ होत नाही.

जुनी हृदयविफलता असलेल्यांना या साथीने जबर किंमत मोजायला लावली. २०२० साली अमेरिकेत कोविडमुळे भरती झालेल्या अशा रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश रुग्णालयातच दगावले. केवळ तीव्र हृदयविफलतेसाठी दाखल झालेल्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. त्याच वर्षी अनेक देशांत हृदयविफलतेची भरती घटली. मुखपट्ट्या व टाळेबंदी यांमुळे २०२०-२१च्या हंगामात इन्फ्लुएन्झा जवळजवळ नाहीसा झाला होता. भरती घटण्याचे श्रेय त्याला देण्याचा मोह होतो. परंतु रुग्णालयात जाण्याच्या भीतीने पुष्कळ रुग्ण घरीच राहिले, त्यामुळे हे श्रेय निर्विवाद नाही.

कोविडवरील निर्माट्रेल्विर-रिटोनाविर ही जोडगोळी हृदयरुग्णांना देताना विशेष दक्षता लागते. रिटोनाविर यकृतातील विघटन रोखते आणि अमियोडॅरोन, एप्लेरेनोन, आयव्हाब्रॅडिन, रिव्हॅरोक्सॅबॅन व काही स्टॅटिन औषधांची पातळी वाढवते.

लसीकरण

फ्लूची लस हृदयरुग्णांना उपयोगी पडते का, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारच्या पुराव्यांतून मिळते आणि ते दोन्ही सारखे बोलत नाहीत. निरीक्षणात्मक अभ्यास ठामपणे होकार देतात. डेन्मार्कमधील १,३४,०४८ हृदयविफलताग्रस्तांच्या २०१९च्या अभ्यासात लस घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र लस घेणारी माणसे औषधेही नियमित घेणारी, डॉक्टरांकडे वेळेवर जाणारी असतात. कमी मृत्यूंचे श्रेय लसीचे किती आणि त्या शिस्तीचे किती, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली आयव्हीव्हीई चाचणी महत्त्वाची आहे. आशिया, मध्यपूर्व व आफ्रिकेतील दहा देशांत, भारतासह, हृदयविफलतेच्या ५,१२९ रुग्णांना दरवर्षी लस किंवा निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. हृदयजन्य मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण लस घेतलेल्यांत १४.८ टक्के आणि इतरांत १६.० टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. मुख्य उद्दिष्टापुरती चाचणी निष्फळ ठरली. तथापि न्यूमोनियाचे प्रमाण ४२ टक्क्यांनी आणि एकूण भरतीचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले, आणि फ्लूच्या ऐन हंगामापुरते पाहिल्यास मुख्य उद्दिष्टातही घट दिसली. विषाणू फिरत नसलेल्या महिन्यांत लसीने काही साधेल अशी अपेक्षाच नसल्यामुळे, २०२२ साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष लसीच्या बाजूनेच वाचले जातात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच लस देणाऱ्या आयएएमआय चाचणीत वर्षभरातील मृत्यू, झटका व स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे एकत्रित प्रमाण ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आले होते. लसीची मात्रा वाढवल्याने मात्र अधिकचा लाभ मिळेलच असे नाही. ५,२६० उच्चजोखमीच्या हृदयरुग्णांच्या इन्व्हेस्टेड चाचणीत जास्त मात्रेची लस नेहमीच्या लसीपेक्षा सरस ठरली नाही.

आरएसव्हीवरील प्रौढांसाठीच्या लसींना २०२३ साली प्रथम मान्यता मिळाली. डेन्मार्कमध्ये ६० वर्षांवरील १,३१,०००हून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीत या विषाणूमुळे श्वसनविकार होऊन दाखल झालेल्यांची संख्या लस घेतलेल्या गटात ३, तर न घेतलेल्यांत १८ होती. न्यूमोकॉकसची लस विषाणूविरुद्ध नसली तरी पाठोपाठ येणाऱ्या जिवाणुजन्य न्यूमोनियाला अटकाव करते, म्हणून तिचीही शिफारस केली जाते.

भारतातील स्थिती

भारतातील हृदयविफलतेचा रुग्ण पाश्चात्त्य रुग्णापेक्षा तरुण असतो. ऑप्टिमाइझ-एचएफमधील रुग्णांचे सरासरी वय ७३ होते. २०१३ साली तिरुवनंतपुरम येथील नोंदणीत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते, आणि त्यांतील ८.५ टक्के रुग्णालयातच मरण पावले. पुढे देशभरातील ५३ रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीतही सरासरी वय ६०च्या आसपासच निघाले आणि ९० दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. लसीची शिफारस केवळ '६५ वर्षांवरील' अशी वयावर बेतली, तर भारतातील निम्म्याहून अधिक हृदयविफलताग्रस्त तिच्या बाहेर राहतात.

फ्लूचा ऋतूही वेगळा आहे. युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्यात येतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसह देशातील प्रयोगशाळांनी २००९ ते २०१३ या काळात केलेल्या पाहणीत पुणे, दिल्ली, कोलकाता या शहरांत मुख्य लाट पावसाळ्यात, चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि श्रीनगरला हिवाळ्यात आढळली. इन्फ्लुएन्झाच्या लसीतील विषाणूंचे प्रकार जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जाहीर करते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. लसीनंतर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. महाराष्ट्रातील रुग्णाने लस घ्यायची तर एप्रिल-मे हे महिने सोयीचे ठरतात. हिवाळ्याच्या तोंडावर घेण्याची पाश्चात्त्य वहिवाट येथे पाळल्यास पावसाळ्याची मुख्य लाट निघून गेलेली असते.

प्रत्यक्षात लस घेणारे थोडेच आहेत. २०१४ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या पॅरॅडाइम-एचएफ या औषधचाचणीतील ८,३९९ रुग्णांपैकी २१ टक्क्यांनी फ्लूची लस घेतली होती. नेदरलँड्समधील सहभागी रुग्णांत हे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक, तर आशियात तीन टक्क्यांहूनही कमी होते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात प्रौढांसाठी फ्लूची लस समाविष्ट नाही, त्यामुळे ती बहुधा स्वखर्चाने घ्यावी लागते. अनेक विषाणू एकत्र शोधणारी पीसीआर तपासणीही महाग असून ती मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत मिळते. पावसाळ्यात धाप लागून तालुक्याच्या रुग्णालयात आलेल्या हृदयरुग्णाचा स्वॅब सहसा घेतला जात नाही, आणि देशात या दुहेरी आजाराचे प्रमाण मोजणे त्यामुळेच अवघड झाले आहे.